नळीवरची सरकी

लांबच्या नेमबाजीसाठी पहिली बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायला मी खामगावच्या बंदुकीच्या दुकानात गेलो, तेव्हा परवाना खिशात होता आणि डोळा एका चकचकीत, महागड्या रायफलीवर. दुरुस्तीच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला थांबवलं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्यांनी त्याच महागड्या रायफलीचा बोल्ट मागे ओढला, आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालूनही पाहिलं. नंतर सदऱ्याच्या खिशातून कपाशीची एक सरकी काढली आणि नळीवर ठेवली. "आता घोडा दाबा. सरकी पडली नाई पाह्यजे."

तीनदा दाबला, तीनदा पडली. मग त्यांनी एक जुनी, साध्या लाकडाची रायफल हातात दिली. तिचा दस्ता माझ्याच गालाच्या मापानं तासल्यासारखा बसला. सरकी जागची हलली नाही.

"निशाना दूर राह्यते बाप्पा," ते म्हणाले, "पण बंदूक गालापाशीच निवडा लागते."

मी म्हटलं, "तुम्ही दाखवा ना एकदा."

त्यांनी आपले थरथरते हात पुढे केले आणि हसले. "माह्याजवळ आता टिकत नाई सरकी. म्हनून तं दुसऱ्याचे हात पाहून राह्यलो."

ते दुकान आता नाही. मी घेतलेली ती जुनी रायफल आहे, आणि सरावाआधी नळीवर सरकी ठेवायची सवयही. परवा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिच्यावरून सरकी पडली. मी उचलून खिशात ठेवली. शेजारची मुलगी तिची पहिली रायफल घेतेय. उद्या तिच्यासोबत अकोल्याच्या नव्या दुकानात जायचंय.