उन्हात फुगणारा मनोरा

आमचे व्याही शहरातल्या जुन्या दगडी मनोऱ्याचे राखणदार. वरच्या घड्याळाला चावी द्यायची आणि तासातासाला दोरी ओढून टोल द्यायचे, हे त्यांचं काम. आम्ही मुलीच्या लग्नाची बोलणी करायला गेलो, तर गृहस्थ अर्ध्या बोलण्यातून उठून टोल द्यायला पळाले. आमची मंडळी म्हणाली, "चला, पोरीला या घरात जेवण तरी वेळेवर मिळेल."

तर या मनोऱ्याला घंटेच्या खाली, ऊन लागतं त्या अंगाला, एक उभी फट होती. कचेरीतल्या साहेबांना वाटलं, घंटेच्या हादऱ्यानेच ती पडली. तसं निघालं तर घंटा कायमची उतरवायची, असं ठरलं. तोवर टोल बंद. व्याह्यांचं अन्नावरून मन उडालं. मला म्हणाले, "व्याही, घंटा उतरली की मलाही उतरवा."

तपासायला एक इंजिनिअर बाई आल्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक सेन्सर फटीवर बसवला, काडेपेटीएवढा. त्याचा एक पाय फटीच्या या काठावर, दुसरा त्या काठावर. दुसरा सेन्सर बसवला घंटेच्या तुळईवर, हादरा मोजायला.

बाई गेल्या आणि आमच्या व्याह्यांना अक्कल सुचली. फटच नसली तर मोजणार काय? त्यांनी सिमेंट कालवलं आणि सेन्सरच्या पायांमधून फट अशी सुबक लिंपली, की सासरी जाणाऱ्या मुलीचा भांगही इतका सरळ नसेल.

पुढच्या खेपेला बाईंनी मांडीवर संगणक उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. लिंपलेल्या जागेशेजारी केसासारखी नवी चीर दिसत होती.

"काका, इथे कोणी हात लावला?"

"मीच लावला," व्याही म्हणाले. "बुजवली. बरं दिसतं ना?"

"दिसतं छान. पण हे बघा." बाईंनी पडद्यावरची रेघ दाखवली. आधी ती रोज दुपारी खाली यायची, पहाटे वर चढायची; आता सपाट पडली होती. "ऊन चढलं की दगड फुगतो आणि फट मिटते. गार पडलं की उघडते. तुम्ही मिटायला जागाच ठेवली नाही, म्हणून त्याने दुसरीकडे वाट काढली."

व्याही हळूच म्हणाले, "म्हणजे मी जेवायला बसलेल्याचा पट्टा आवळला." आणि रेघेवर बोट ठेवून, "हा मनोरा रोज हलतो? एवढा मोठा? माझ्या आजोबांच्या काळापासून?"

"तो बांधला तेव्हापासून हलत असेल, काका."

बाईंच्या देखरेखीखाली त्यांनीच छिन्नीने सगळं सिमेंट हलक्या हाताने काढलं. रेघ पुन्हा खालीवर होऊ लागली, तेव्हा कुठे घंटेची परीक्षा ठरली.

त्या दिवशी मीही वर गेलो होतो. बाई म्हणाल्या, "काका, दोरी ओढा."

"मी नाही," व्याही म्हणाले. "जन्मभर ओढली, पण तेव्हा मनोरा काय करतो ते बघितलं नाही. व्याही, तुम्ही ओढा. मुलीच्या बापाने कधीतरी कष्ट करावेत."

मी ओढली. कानठळ्या बसल्या. पडद्यावरची हादऱ्याची रेघ थरारली, तळ्यात खडा पडावा तशा तिच्यावर बारीक लाटा उठल्या आणि आपोआप विरल्या. फटीची रेघ जागची हलली नाही. व्याही पडद्यावर वाकले.

बाई हसल्या. "उन्हाने हा जेवढा हलतो, त्यापुढे तुमची घंटा म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी. मी तसंच लिहून देते. टोल सुरू करा."

मला वाटलं, आता गृहस्थ उड्या मारतील. पण त्यांचं लक्षच नव्हतं. पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "व्याही, पुन्हा ओढा."

"काका, माझं काम झालंय," बाई म्हणाल्या.

"तुमचं झालं, बाई. माझं कुठे बघून झालंय?"

मी पुन्हा दोरी धरली.