नरेशला दिलेला साग

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलाजवळ नाही – बाबा आजारी असताना मी रोज त्यांच्या उशाशी बसायचे, तेव्हाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही नरेशला ओळखत नाही म्हणून.

माझे बाबा बाळकुमला खाडीकाठी लाकडी होड्या बांधायचे. बाकीच्यांनी केव्हाच फायबर धरलेलं. आमच्या शेडमध्ये सागाचा एक ओंडका होता – आजोबांनी आणलेला, खाडीच्या चिखलात वर्षानुवर्षं मुरवलेला. जंगलात इतका सावकाश वाढलेला की आतली वलयं मोजताना नजर चुकायची. तसा साग आता मिळत नाही. बाबा म्हणायचे, माझी शेवटची होडी याची.

मला लाकूड कळायचं. खरंच कळायचं. भुशाच्या वासावरून साग कुठला, ऐन कुठला, ते मी डोळे मिटून सांगायचे. पण हत्यार हातात घेतलं की बाबा म्हणायचे, "ठेव ते. आईला मदत कर जा." रागावून नाही – अगदी मायेने. मायेने बोलणाऱ्याशी भांडणार कसं?

मग नरेश आला. माझा आतेभाऊ. वागळे इस्टेटमधली लेथवरची नोकरी सोडून, तिशीत, होड्या शिकायला. बाबा त्याच्या हातावर हात ठेवून वाकस कसा धरायचा, लाकूड कसं तासायचं ते दाखवायचे. मी चहा घेऊन उभी. चहा निवायचा, दोघांचं लक्ष नसायचं.

तो वाईट होता का? नाही – तेच तर. कधीकधी मलाच विचारायचा, "सुमे, बघ गं, ही फळी बसेल का?" बाबांनी जे कधी विचारलं नाही ते त्याने विचारावं, हे जास्त लागायचं.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "तो साग मी नरेशला देतोय. माझी होडी तोच बांधेल." मी चोवीस वर्षांची होते. "छान," म्हटलं आणि भात वाढून घेतला.

आठवड्याभराने दरवाजे बनवणारा एक माणूस शेडवर आला. बाबा बाहेर गेलेले. त्याला तो ओंडका हवा होता. मी पत्र्याआड उभी राहून सगळं ऐकलं. नरेश म्हणाला, "विकायचा नाही. मामांचा आहे." माणसाने पुन्हा पुन्हा विचारलं. नरेशने मान वरसुद्धा केली नाही.

आणि बाबा आल्यावर मी त्यांना सांगितलं – "नरेशदादा सागाचा सौदा करत होता. दरवाजेवाल्याशी."

एवढंच. बाबांनी एक प्रश्न विचारला असता तरी मी अडखळले असते. पण मी खोटं बोलेन असं त्यांच्या मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नरेशच्या हातातून वाकस काढून घेतला. "येऊ नको यापुढे."

"मामा, झालं काय?"

"तुला माहितेय."

नरेशने माझ्याकडे बघितलं. मी दारात होते – आणि मी आत निघून गेले.

मला वाटलेलं, आता बाबा मला हाक मारतील. वेडी होते का मी? त्यांनी कुणालाच हाक मारली नाही. होडी झालीच नाही. बाबा गेले, शेडची जागा बिल्डरकडे गेली आणि ओंडका मीच विकला – त्याच दरवाजेवाल्याला. मला तो नजरेसमोर नको होता.

आता मी ठाकुर्लीला राहते. मागच्या महिन्यात मनाचा हिय्या केला आणि वागळे इस्टेटमध्ये नरेशच्या गाळ्यावर गेले. तो फर्निचर करतो. केस पांढरे झालेत. "अगं सुमे, तू?" म्हणत त्याने स्टूल पुसून दिलं. थोड्या वेळाने विचारलं, "मामांच्या सागाचं काय झालं गं शेवटी?"

"कुजला," मी म्हटलं.

तो साग कुजणारा नव्हता. हे माझ्याहून त्याला जास्त ठाऊक. त्याने मापाची पट्टी उचलली आणि म्हणाला, "बरं."

मी तेव्हा तरी बोलायचं ना? शब्द जुळवत होते. तेवढ्यात आतून त्याची मुलगी आली, कानावर पेन्सिल, हातभर भुसा. टेबलावरची फळी बघून म्हणाली, "बाबा, तुझं माप चुकलंय. सरक." आणि नरेश सरकला. हसत, पट्टी तिच्या हातात देऊन.

मी माफी मागायला गेलेले. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला त्या पोरीचा हेवा वाटला – चोवीस वर्षांची असताना वाटायचा, अगदी तसाच. मी चहासाठी थांबले नाही. नरेशला अजून काहीच सांगितलेलं नाही.