तुणतुण्याची जागा

आमची कॅसेट निघाली तेव्हा पुण्याच्या एका मासिकात तिच्यावर दीड पानाचा लेख छापून आला. लिहिणाऱ्याने आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याने अगदी मोकळेपणाने लिहिलं होतं. मराठवाड्यातल्या या तरुणांनी गाण्याच्या ऐन मध्यावर मौन ठेवण्याचं धाडस केलं आहे, असं त्याचं म्हणणं. पाण्याच्या रिकाम्या टिपाडाच्या ठोक्यात त्याला दुष्काळ बोलताना ऐकू आला होता. मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. आपण एवढे हुशार आहोत हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

खरी गोष्ट अशी होती की आमच्याकडे गिटार नव्हती. ड्रमही नव्हते. ते वाजवणारे आमचे दोन मित्र गेले होते, आणि उरलेल्या दोघांना जे जमलं ते आम्ही भरलं होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. ज्याच्या त्याच्या पाटीवर रातोरात जिल्हा चढला होता. आमच्या कॉलेजजवळच्या केशकर्तनालयानेही स्वतःला बढती देऊन घेतली होती. नवे साहेब आले, नव्या जीपगाड्या आल्या, भाड्याच्या इमारतींत ऑफिसं थाटली गेली. पाणी तेवढं आलं नाही. त्यासाठी टँकर होता, आणि टँकरच्या मागे सगळा नवाकोरा जिल्हा घागरी घेऊन उभा असायचा.

आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. मी शिरूर अनंतपाळचा. माझ्याकडे बेंजो होता, टाईपरायटरसारखी बटणं असलेला, भजनी मंडळात वाजतो तोच. गाणारा देवणीचा, तिथले बैल नावाजलेले. देवणीचा म्हटलं की लोक त्याला आधी बैलांचे भाव विचारायचे, आणि त्याचा आवाज ऐकल्यावर पुन्हा बैलांचाच विषय काढायचे. ड्रम वाजवणारा नांदेडचा. त्याच्या मामाची लग्नातल्या बँडची पार्टी होती, तिथून त्याने ढोल आणि झांजा उचलून आणल्या होत्या. आणि गिटारवाला उदगीरचा, धान्याच्या मोंढ्यातल्या एका अडत्याचा मुलगा. वडिलांनी त्याला तुरीचा नमुना देऊन रेल्वेने हैदराबादला धाडलं, तर पठ्ठ्या येताना इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. तुरीचं पुढे काय झालं ते त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही.

त्याच्या वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि मोंढ्यात सौदा पुकारून कमावलेला आवाज. गिटारला ते तुणतुणं म्हणत. सुट्टीत घरी गेला की आमचा मित्र दुकानामागच्या गोदामात पोत्यांवर बसून सराव करायचा. मध्ये एकच भिंत. भिंतीपलीकडून अप्पांचा ठरलेला आवाज यायचा, "बंद कर रे ते तुणतुणं, इथं सौदा चालू हाय!" तो बंद करायचा, हमाल पोतं उचलून गेले की पुन्हा सुरू करायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं.

आम्ही करायचो ते रॉक म्हणायचं. हैदराबादहून आलेल्या इंग्रजी कॅसेटी आम्ही ऐकल्या होत्या. शब्द एकही कळत नव्हता, राग मात्र कळत होता, आणि त्याचा आमच्याकडे घरचाच साठा होता. साहेबांच्या जीपच्या धुरळ्यावर आमचं एक गाणं होतं. टँकरच्या रांगेत दिसणाऱ्या एका मुलीवर एक होतं. ती पुढे सरकली की आम्ही चौघंही रांग मोडून पुढे सरकायचो, आणि बायका आम्हाला शिव्या घालायच्या, त्या शिव्याही आम्ही गाण्यात घेतल्या. प्रत्येक गाण्याच्या मध्ये उदगीरकराचा एक तुकडा असायचा, नुसत्या गिटारचा. तो म्हणायचा, "बाकीचं गाणं मंजी इथवर यायचा रस्ता हाय." आम्ही चिडायचो, कारण ते खरं होतं. कॉलेज सुटायच्या आत या गाण्यांची एक कॅसेट भरायची, एवढं आमचं ठरलं होतं.

मग उदगीरहून लातूरला येताना गिटारवाला आणि ड्रमवाला टँकरवर बसले. एसटी थांबली नाही की सगळेच टँकरवर बसायचे, त्यात नवल काही नव्हतं. एका वळणावर टँकर उलटला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, टँकर उलटून हजारो लिटर पाणी वाया. आमचे मित्र शेवटच्या ओळीत होते, दोघे ठार म्हणून. नावं होती, तीही चुकीची.

तिथल्या गावच्या लोकांनी आधी दोघांना बाहेर काढलं, लिंबाखाली ठेवलं, अंगावर धोतर टाकलं, आणि मग घागरी आणल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी त्या गावचा असतो तर मीही घागर घेऊनच धावलो असतो. तरी मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

नांदेडला प्रेतयात्रेला मामाची सगळी बँड पार्टी आली होती. ते गणवेश न घालता आले होते, त्यामुळे आम्हाला ओळखू येईनात. वाजवलं कुणीच नाही. लग्नसराई होती, म्हणून त्याच आठवड्यात मामा आमच्या खोलीवरून ढोल आणि झांजा घेऊन गेले. जाताना ढोलावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "लई जोरात मारायचा रे तो. कातडं ढिलं करून ठेवलंय."

उदगीरच्या मित्राला त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून नेलं. लिंगायतांत मृताला झोपवत नाहीत, सजवलेल्या आसनावर ताठ बसवतात. गळ्यात हार, कपाळाला विभूती, पुढे भजनी मंडळ, दोन्ही बाजूंना अख्खं उदगीर उभं. आयुष्यात एवढी गर्दी आमच्या वाट्याला कधी आली नव्हती. कुठल्याच स्टेजवर तो एवढा ऐटीत बसला नव्हता. फक्त हात मांडीवर नुसते ठेवले होते, आणि ते मला बघवत नव्हतं.

काही दिवसांनी देवणीकर आणि मी अप्पांच्या दुकानात गेलो. कॅसेट भरायचीच, हे आम्ही दोघांनी एकमेकांना न विचारताच धरून चाललो होतो. अप्पांनी आधी चहा मागवला.

"अप्पा, गिटार पाहिजे होती," देवणीकर म्हणाला. "त्याची गाणी भरायचीत."

अप्पांनी आमच्याकडे बघितलंच नाही. "त्या तुणतुण्यापायीच गेला त्यो. लातुरात काय होतं त्याचं? म्या म्हणलं व्हतं, दुकानात बस. बसला असता तर इथं असता." मग कमरेची किल्ली चाचपून म्हणाले, "कुलूप घातलंय त्याला. आता कुनी वाजवायचं न्हाई. तुमी या आता."

आम्ही आलो परत.

उदगीरकराचे तुकडे मी बेंजोवर वाजवून पाहिले. देवणीकराने थोडा वेळ सहन केलं. मग म्हणाला, "बंद कर बाबा. लग्नात जेवायला बोलवून राहिल्यागत वाटतंय." त्याचं बरोबर होतं. मग आम्ही तुकड्यांच्या जागा तशाच सोडल्या. दुसरं सुचलं नाही म्हणून सोडल्या. तेवढा वेळ आम्ही पायाने ताल धरायचो आणि पुढचं कडवं उचलायचो. ड्रमच्या ऐवजी घरमालकाचं लोखंडी टिपाड घेतलं. ते रिकामं मिळणं त्या वर्षी मुळीच अवघड नव्हतं.

बसस्टँडजवळ एक रेकॉर्डिंग सेंटर होतं. लग्नाच्या, भजनाच्या कॅसेटी भरून देणारं, दोन माईकचं दुकान. मालक मनाने चांगला होता, पण त्याला रिकामी टेप बघवत नसे. पहिलं गाणं भरून झालं तसा तो कानाचा हेडफोन काढून म्हणाला, "पोरंहो, मधी काहीच येईना गेलंय. मशीन तर चालू हाय."

"तिथं काही नाहीच," मी म्हणालो.

"न्हाई मंजी? टेप फुकट जाते ना. एखादा अभंग टाकू का?"

आम्ही नको म्हणालो. त्याने मान हलवली आणि पुढचं भरलं.

कॅसेटी थोड्याफार खपल्या आणि बऱ्याचशा परत आल्या. लोक म्हणायचे, माल खराब आहे, मध्येच बंद पडतो. एकाने टेपरेकॉर्डर बिघडल्याचा आळ आमच्यावर घेतला. मालक सगळ्यांना बदलून देत राहिला, आणि बदलून दिलेलीही परत येत राहिली. शेवटी त्याने आम्हाला न विचारता स्वतःच्या अकलेने उपाय काढला. पुढच्या प्रतींत गाणं थांबलं की त्याचाच खणखणीत आवाज यायचा, "आमच्याकडे लग्न, बारसे व साखरपुड्याच्या कॅसेट भरून मिळतील. एक वेळ अवश्य भेट द्या!" आणि लगेच टिपाड सुरू.

आम्हाला ते कळलं तेव्हा देवणीकर त्याच्या अंगावर धावून गेला. मालक शांतपणे म्हणाला, "आता एक बी परत येईना गेली, बगा." आणि खरोखर एकही परत येत नव्हती. याच सुमारास पुण्याचा लेख आला. लेखकाच्या हाती सुरुवातीची, बिनजाहिरातीची प्रत लागली असणार. मालकाने लेख फ्रेम करून दुकानात लावला आणि जाहिरातीही तशाच चालू ठेवल्या. आमच्या मित्राच्या जागी तो साखरपुड्याची आमंत्रणं देत राहिला. देवणीकराने ओरडून पाहिलं, मी रडून पाहिलं, मालकाचं एकच उत्तर असायचं, "बाबा हो, रिकामं होतं म्हणून भरलं."

एका दुपारी आम्ही त्या दुकानात त्याच विषयावर भांडत होतो, आणि दारात अप्पा उभे राहिले. उदगीरहून एसटीने आले होते. काखेत बारदानात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. मोंढ्यातल्या हमालांनी आमची कॅसेट लावली होती म्हणे, आणि अप्पांनी सौदा अर्धा सोडला होता. त्यांनी खिशातून कॅसेट काढून काउंटरवर आपटली.

"हे कोन बोलून राहिलंय माझ्या पोराच्या जागी?"

मालक उठून उभा राहिला. "अप्पा, बसा. तिथं काही नव्हतंच हो. रिकामं होतं."

"रिकामं कामून आसंल?" अप्पांचा आवाज पार स्टँडपर्यंत गेला असेल. "तिथं असं हाय."

आणि ते गायला लागले. गिटारचा तुकडा, तुरीचा भाव पुकारतात त्या आवाजात. टँव टँव करत, डोळे मिटून, विभूती घामाने पुसत चाललेली. ऐकताना मला आधी हसू फुटणार होतं. पण सूर वर चढायचा तिथे बरोबर चढला. आणि एका ठिकाणी अप्पा अडखळले, थांबले, मागे आले आणि पुन्हा सुरू झाले.

आमचा मित्र सरावाला नेमका तिथेच अडखळायचा. बोट सटकायचं, तो थांबायचा, मागे जाऊन पुन्हा धरायचा. आमच्यासमोर वाजवताना तो कधी चुकला नाही, खोलीत एकटा असला की चुकायचा, ते आम्ही दाराबाहेरून ऐकायचो. अप्पांनी त्याला वाजवताना कधी पाहिलं नव्हतं. भिंतीपलीकडून जेवढं आलं तेवढं त्यांनी जसंच्या तसं पाठ केलं होतं, चुकीसकट. आणि त्या सगळ्या काळात बंद कर म्हणून ओरडत होते.

तुकडा संपला. अप्पांनी बारदान सोडलं. आत गिटार होती, तारांना गंज चढलेली.

"घ्या," ते देवणीकराला म्हणाले. "वाजवा ते. म्या तवा दिलं न्हाई, म्हणून त्याची जागा रिकामी राहिली."

पुण्याच्या त्या विद्वानाला जे समजलं नव्हतं ते अप्पांना सरळ समजलं होतं. देवणीकराने गिटार घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे दिली. मी ती काउंटरवर ठेवली.

"आम्हाला येत नाही, अप्पा," मी म्हणालो. "त्याच्याशिवाय कुणालाच येत नाही."

अप्पांनी गिटार पुन्हा बारदानात गुंडाळली. मग म्हणाले, "मंग गप ऱ्हावा तिथं. पर दुसऱ्या कुनी बोलायचं न्हाई."

मालकाने निमूटपणे मास्टर कॅसेट लावली आणि आपला आवाज पुसायला बसला. अप्पा स्टुलावर बसून होते. पुसून झाल्यावर त्यांनी पहिलं गाणं लावायला सांगितलं. टिपाड वाजलं, बेंजो वाजला, देवणीकर गायला आणि मधली जागा आली. मालकाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अप्पांनी मोंढ्यात सौदा थांबवताना करतात तसा हात वर केला. मालक थांबला, दारात आलेलं गिऱ्हाईकही थांबलं. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हाच त्यांनी तो हात खाली घेतला.