कपाची फळी

चित्राची फ्रेम मी स्वतःच्या हातानं करणार, असं मी संघटनेच्या बैठकीत जाहीर करून टाकलं. रंधा कुठल्या हातानं धरतात तेही मला ठाऊक नव्हतं, पण जाहीर करायला काय लागतं? नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी कॉलेजात होतो आणि त्या वर्षात तीन पत्रकं लिहून झाली होती. तिसऱ्याचा मथळा होता, ‘हॉटेलातल्या वेगळ्या कपबश्या फोडा!’ दलितांनी वेगळ्या कपात चहा प्यायचा आणि तो स्वतः विसळून ठेवायचा, हे तेव्हा अजून चालू होतं. अंबडच्या स्टँडपासून कोर्टापर्यंत एकेका हॉटेलात जाऊन मी ते पत्रक वाटलं, भांडलो, एक कप तर मालकासमोर खरंच फोडला. पुढचे आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

चित्र माझ्या मित्रानं काढलेलं होतं. तो जालना रोडला पाट्या रंगवायचा. ‘येथे पंक्चर काढून मिळेल’, ‘सर्व प्रकारचे बियाणे मिळेल’ असल्या. पाट्यांच्या उरलेल्या ऑइलपेंटनं, हार्डबोर्डाच्या तुकड्यावर त्यानं आपल्या बापाचं चित्र काढलं. म्हातारा दगडावर बसलाय, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि नजर थेट आपल्यावर. हा म्हातारा आमच्याच शेतावरचा जुना सालगडी. कितीतरी वर्षं तो आमच्याकडं राबला. येत्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये आमच्या संघटनेचा मेळावा होता आणि चित्र तिथं समोरच्या भिंतीवर लागणार होतं. खाली चिकटवायची चिठ्ठी मी आधीच तयार ठेवली होती. ठळक अक्षरांत एकच शब्द : ‘शोषित’.

बाजारातल्या सोनेरी पट्टीच्या फ्रेमा मला नको होत्या. स्टँडमागच्या गल्लीत एक सुतार होता, त्याच्या ओट्यावर बसून काम करू द्यायला तो तयार झाला.

“पण ओलं लाकूड आनशील तर पीळ पडंल, फ्रेम वाकडी व्हईल,” तो म्हणाला. “जुना साग आन. तुमच्या घरी काय कमी? जमीनवाले तुम्ही.”

‘जमीनवाले’ मला झोंबलं. साग मात्र घरी होता. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला, कमरेच्या उंचीवर, तीन फूट लांब आणि वीतभर रुंद एक फळी ठोकलेली होती. लहानपणापासून मी ती बघत आलो होतो, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. गुरुवारी ती उचकटली आणि एसटीत पायाशी आडवी टाकून अंबडला आणली. कंडक्टर म्हणाला, “फळीचं बी तिकीट घ्या, लई जागा खाऊन राह्यली.”

सुतारानं रंधा कसा चालवायचा ते दाखवलं. वरचा मळ आणि कोंबड्यांची घाण निघाली, खालून सोनेरी लाकूड वर आलं आणि मी खूश झालो. मग वर्तुळं दिसायला लागली. काळी, बांगडीएवढी, एकात एक अडकलेली. एका टोकाला तर इतकी दाट की लाकूडच काळं झालेलं. मी जोर लावून रंधा मारला, तरी जाईनात.

“हे कशाचं?”

सुतारानं वाकून पाहिलं आणि तो हसला. “कप. पत्र्याचा असंल, बुडाचा मुलामा उडालेला. लोखंड आन् पानी लागलं की साग काळा पडतो. ही कपाची फळी हाये, बाबा.”

“कपाची फळी म्हणजे?”

“तुमच्याच घरची हाये, मला काय इचारतो? सालगड्याचा कप ठिवायची फळी.” माझं पत्रक त्याच्या दुकानाच्या दाराला अजून चिकटलेलं होतं. तिकडं बोट करून तो म्हणाला, “हे तूच लावून गेल्तास ना?”

अंबडमधली सगळी हॉटेलं मी धुंडाळली होती. कुणाकडं किती वेगळे कप, वहीत टिपून ठेवलं होतं. त्या वहीत आमचं घर नव्हतं.

तेवढ्यात मित्र आला आणि माप द्यायला त्यानं बगलेतलं चित्र गोणपाटातून बाहेर काढलं. मी त्याला फळी दाखवली. मला वाटलं, तो हादरेल.

“तुला म्हाईत न्हवतं?” तो म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“बापाची भाकर घिऊन मीच यायचो की तिथं. तुझी आत्या चहा आनायची अन् वरून वतायची, हातभर वरून. निम्मा फळीवर सांडायचा.” त्यानं काळ्या टोकावर अंगठा ठेवला. “हे तेच.”

तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. पत्रकं त्यानं माझ्याबरोबर वाटली होती, कप फोडला तेव्हा तो शेजारी उभा होता. आणि एका शब्दानं बोलला नव्हता! माझा संताप कुठं जावा ते मला कळेना, म्हणून तो नेहमीच्या वाटेनं, भाषणाकडं गेला. मी ओट्यावर उभाच राहिलो.

“ठरलं! डाग काढायचेच नाहीत. फ्रेमवर समोर ठेवायचे. रविवारी अख्ख्या तालुक्याला दिसू दे! मी पत्रक काढतो, आजच्या आज. आमच्या घराचं नाव घालून!”

मित्रानं चित्र पुन्हा गोणपाटात गुंडाळलं.

“चित्र माझ्या बापाचं हाये,” तो म्हणाला. “त्याच्याभवती तू तुझ्या घरचा कप फिरवनार? अन् खाली शोषित लिव्हनार? न्हाई लावायचं रविवारी. बिलकुल न्हाई.”

तो गेला. सुतार तंबाखू मळत म्हणाला, “बराबर बोलला गडी.”

मी तसाच फळी घेऊन घरी गेलो. माय अंगणात तुरीची डाळ निवडत होती.

“माय, आपल्या घरी सालगड्याला वेगळा कप होता?”

“व्हता की.” तिनं मानही वर केली नाही.

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“त्यात सांगायचं काय? तूच सांग, घरातला एक तरी कप उचलून कधी मोरीत ठिवलास? कोन्ता कप कुनाचा, ते धुनारीला म्हाईत. पिनाऱ्याला काय!”

मी कायद्याचं बोललो, माणुसकीचं बोललो, हॉलमध्ये बोलतो त्या आवाजात बोललो. तिनं खडे बाजूला काढले, सूप झटकलं.

“फळीवरून एवढा नाचू नको. ती त्यानंच मागून घेतल्ती.”

“कुणी?”

“तुझ्या दोस्ताच्या बापानं. आधी कप खाली भुईवर असायचा. कुत्रं तोंड घालायचं. येक दिस तो कुत्र्यानं चाटलेला कप घिऊन तुझ्या आज्याम्होरं हुबा राह्यला. म्हन्ला, मालक, फळी द्या. आजा हसला. मंग ह्यो गडी तीन दिस कामावर आला न्हाई. ऐन पेरनीत! तवा कुठं लाकूड दिलं. खिळे त्याचे, ठोकली बी त्यानंच.”

आमच्या घरात संप झाला होता. पत्रकाशिवाय, घोषणेशिवाय, एकट्या माणसाचा. तो त्यानं जिंकला होता, आणि जिंकून मिळालं काय, तर कुत्र्याचं तोंड पोचणार नाही एवढी उंची. आणि तीच उंची मी कोंबड्यांची समजून उचकटून आणली होती.

त्याच संध्याकाळी मी गावाबाहेरच्या दलित वस्तीवर गेलो. मित्राच्या घरी जायची माझी ती पहिली वेळ, हेही मला दारात उभं राहिल्यावर कळलं. म्हातारा बाजेवर बसला होता. जन्मभर मी त्याला नावानं हाक मारत आलो होतो, आमच्याकडं पोरंटोरंही मारायची. आता तोंडातून नाव निघेना.

“काका,” मी म्हणालो. मित्रानं चमकून वर पाहिलं.

“या, धाकले मालक.”

“ही तुमची फळी आहे. काय करू सांगा.”

त्यांनी ती मांडीवर घेतली. डागांकडं पाहिलंच नाही, खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं. “जुने खिळे व्हते, दगडानं सरळ केल्ते,” ते म्हणाले. मग फळीला कान लावून टकटक केलं. “साग भारी हाये. रंधा मार. डाग जाऊस्तोवर मार, अन् फ्रेम कर.”

“आणि रविवारी...”

“हा म्हनून राह्यलाय, तू खाली कायतरी लिव्हलंय. काय लिव्हलंय?”

तो शब्द मी भाषणात किती वेळा वापरला असेल, त्याला मोजदाद नाही. त्यांच्यासमोर तो मला उच्चारता आला नाही.

“काही नाही,” मी म्हणालो.

“मंग हितंच लावू.”

चित्राचं माप घेऊन शुक्रवार-शनिवार मी ओट्यावर होतो. डाग खोल गेले होते, ते जाईपर्यंत फळी चांगलीच पातळ झाली. तिच्या चार पट्ट्या काढल्या, आतल्या कडेला चित्र बसायला खाच पाडली, टोकं तिरकी कापली. तिरक्या कापात दोन टोकं नीट जुळली तर कोपरा काटकोनात बसतो. माझी जुळेनात. सुतारानं तीनदा करवत हातातून काढून घेतली. सरस लावला, सुतळीनं आवळून ठेवलं, मग पॉलिश पेपर आणि लाखेचे चार हात. “आज बोलंना झालास?” सुतार म्हणाला.

रविवारी हॉलची समोरची भिंत रिकामी राहिली. चित्र कुठंय, असं सगळ्यांनी विचारलं. “आलं नाही,” एवढंच सांगितलं आणि माझं भाषण दोन मिनिटांत संपलं.

सोमवारी फ्रेम घेऊन वस्तीवर गेलो. मित्रानं चित्र खाचेत बसवलं, मागून खिळे मारले आणि भिंतीला टेकवून धरलं. काकांनी बाजेवरूनच ते न्याहाळलं.

“नाक जरा जास्तच काढलंय.”

“हाये तेवढंच काढलंय,” मित्र म्हणाला.

मग ते उठले, जवळ गेले आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात नख घातलं. नख आत गेलं.

“पोरा, ह्यो कोपरा उघडा पडलाय.”

“भुसा आणि सरस भरून टाकतो, काका. दिसणार नाही.”

“भरू नको. सोडव. परत जोड.”

मित्रानं पक्कड पुढं केली. मी अंगणात मांडी घातली आणि पहिला खिळा उपटायला घेतला. काका बाज ओढून जवळ येऊन बसले.