गोड्या पाण्याचं यंत्र

हवाई दलात मी हेलिकॉप्टर उडवायचो. शिक्षणानं इंजिनियर होतो, म्हणून पाठीचा मणका बिघडून उड्डाण बंद झालं तेव्हा मला घरी न पाठवता देखभालीच्या कामावर घेतलं. नोकरीची शेवटची वर्षं मी दुसऱ्यांनी उडवायची यंत्रं तपासण्यात काढली. मग अमरावतीला परत आलो आणि राजापेठेत फ्लॅट घेतला. खाली ट्यूशन क्लास, जिन्यात पोरांच्या चपला, रस्त्यावर दिवसभर हॉर्न. बायकोला शहर हवं होतं, मला गाव जवळ हवं होतं. आमचं गाव भातकुलीच्या पलीकडे. तिथं माझा मोठा भाऊ आणि वहिनी राहत.

दादानं माझ्यासाठी शाळा सोडली, असं काही नव्हतं. त्याला शाळा आवडत नव्हती आणि वावरात राबायला आवडायचं, इतकंच. मी सुट्टीत आलो की तो हमखास विचारायचा, "वरून आपलं गाव दिसते काय रे?" एकदा नागपूरहून पश्चिमेकडे जाताना ते मला खरंच दिसलं. पूर्णा नदीच्या पट्ट्यात काळ्या जमिनीवर मधेमधे पांढुरके डाग दिसतात, पिठाचा हात लागल्यासारखे, असं मी त्याला सांगितलं.

"ते मीठ होय," तो म्हणाला. "तुले वरून दिसलं, आमी खाली पिऊन राहिलो."

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारंच लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळ आहेत, पण त्यांना पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. नळ कोरडा असला की बोअरचं प्यायचं. दादा जन्मभर तेच प्यायला होता.

मी परतल्यावर थोड्याच महिन्यांत वहिनीचा फोन आला. "भाऊजी, यांचे पाय पाहा एकदा. सुजले, चप्पल चढत नाई."

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही किडन्या आकसल्यात. मी विचारलं, पाण्यामुळे का? "एका माणसाबद्दल असं ठामपणे नाही सांगता येत. पण तुमच्या भागातून बरेच जण येतात." डायलिसिस सुरू झालं. मी गाडी घेऊन गावी जायचो, दादाला आणायचो, मशीनवर झोपवायचो, संध्याकाळी परत सोडायचो.

माझी किडनी द्यायची तयारी होती. त्यासाठी अकोल्याला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझी साखर पाहिली, हृदयाचा आलेख पाहिला आणि नाही म्हणाले. बाहेर बाकावर दादा बसला होता. त्याला सांगितलं तर त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "बरं झालं. तुयी कापाकापी मले नव्हती पायजे."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं, गावात गोडं पाणी करायचं. दादाला त्याचा फायदा नव्हता, हे मला कळत होतं. पण हातात काहीतरी काम हवं होतं. नोकरीत असताना एका पुरात आम्ही छपरावरून माणसं उचलत होतो. एका म्हाताऱ्याला वर घेतलं. चोहीकडे वळचणीपर्यंत पाणी, आणि आत आल्याआल्या तो पहिला शब्द बोलला तो "पाणी". माझ्या बाटलीतलं सगळं प्यायला. असल्या ठिकाणी मी पाणी पोचवलं होतं. माझ्याच गावात ते जमणार नाही, हे मानायला मी तयार नव्हतो.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराशेजारच्या मोकळ्या जागेत पत्र्याची खोली उभी केली. बोअर मारला, पंप बसवला. खारं पाणी जोरानं बारीक पडद्यातून ढकलायचं, मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे येतं, असं ते यंत्र. जोडणी मी स्वतः केली. पहिल्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया कळश्या घेऊन आल्या. वरच्या वस्तीतले काही जण विहाराजवळचं पाणी म्हणून आधी बिचकले. ऊन तापल्यावर तेही कॅन घेऊन आले. वहिनीनं मला मुद्दाम चुलीपाशी बोलावलं आणि डाळीचा दाणा बोटांनी चिरडून दाखवला. "पाहा, डाय शिजली."

डायलिसिसमुळे दादाला पाणी बेतानंच प्यायचं होतं. वहिनी त्याला वाटीनं द्यायची. त्यानं यंत्राच्या पाण्याचा घोट घेतला, तोंडात फिरवला.

"कसं लागतं?" मी विचारलं.

"कायचंच नाई लागत बे. पाण्याले चव पायजे ना."

आम्ही तिघंही हसलो. त्या उन्हाळ्यातलं तेवढंच हसणं मला आठवतं.

अशा यंत्रातून थोडं पाणी गोडं होऊन येतं, आणि उरलेलं आधीपेक्षा खारट होऊन बाहेर पडतं. त्यासाठी मी खड्डा खणला होता. पावसाळ्यात तो भरून वाहिला आणि खालच्या वावरात शिरला. तिथली तूर जळाली. वावराचा मालक माझ्याकडे आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमी गावाले गोडं पाणी देता आन् माया वावराले खारं. मी काय करू, सांगा."

मी नुकसान भरून दिलं, पण जमीन कशी भरून देणार? खड्डा मोठा केला, तळाला प्लॅस्टिक अंथरलं. मग पडद्यावर क्षार धरायला लागले. धुतले, पुन्हा धरले. बदलले, तेही गेले. बोअरचं पाणी खोल गेलं आणि खोल गेलं तसं जास्त खारट झालं. वीज कमी दाबानं यायची, पंप जळला. हवाई दलात भाग बिघडला की बदलायचा, तोपर्यंत यंत्र जमिनीवर ठेवायचं, एवढं सोपं होतं. इथं बिघाड यंत्रात नव्हता, जमिनीतच होता. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, नवी पाइपलाइन येणारच आहे, तुम्ही कशाला त्रास घेता. दरम्यान गावात जारवाल्याची गाडी यायला लागली. ज्यांना परवडलं त्यांनी जार घेतले, बाकीचे पुन्हा बोअरवर गेले. एका सकाळी मी पत्र्याच्या खोलीला कुलूप लावलं. कुणी काही विचारलं नाही.

दादाला न्यायला जाणं मात्र चालू होतं. मग एक दिवस तो गाडीकडे आलाच नाही. ओसरीवर बाजेवर बसून होता.

"चल, उशीर होते," मी म्हणालो.

"आज नाई येत."

"बरं, उद्या जाऊ."

"उद्याबी नाई. आता नाईच येत मी."

मी त्याच्याशेजारी बसलो. न गेल्यास काय होईल ते सांगितलं. अंगात पाणी साचेल, श्वास लागेल, त्रास होईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ते मशीनवर पडून राहून मी कुठी पोचून राहिलो, ते सांग," तो म्हणाला. "मले तहान लागली हाये. किती दिवसाची लागली हाये, तुले नाई समजत. पोटभर पाणी पिऊ दे."

मी वहिनीकडे पाहिलं. ती दारात उभी होती. आत गेली आणि माठातलं पाणी तांब्याभर घेऊन आली. बोअरचंच होतं. दादानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा रिकामा केला. गळ्यावरून पाणी बनियनवर ओघळलं. मी त्याचा हात धरला नाही. धरायला हवा होता की नको, हे मला अजून ठरवता येत नाही.

आठवड्याच्या आतच तो गेला. शेवटी त्याला आडवं होता येत नव्हतं, बसूनच श्वास घ्यायचा. मी पाठीला उशी लावून धरून बसायचो. त्याचं सगळं वजन माझ्या मणक्यावर यायचं आणि मला ते बरं वाटायचं, निदान तेवढं तरी मला उचलता येत होतं. विहारात त्रिशरण-पंचशील झालं, पाहुणे गेले, घरात वहिनी एकटी उरली.

वर्षही झालं नसेल, तिच्या हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. लुगडं खाली ओढून पाय झाकायची, ते माझ्या बायकोनं पाहिलं. मी वहिनीला अमरावतीच्या त्याच डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अजून मशीन नको, म्हणाले, पण तिकडेच चाललंय.

गाडीत तिनं विचारलं, "मलेबी तसंच मशीनवर झोपा लागन काय?"

"पाहू," मी म्हणालो.

"पाहू म्हंजे हो," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

राजापेठेत राहायला चला, असं आम्ही दोघांनीही तिला सांगून पाहिलं. ती येत नाही. म्हणून मी घरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून गाडीनं गावी नेतो. परवा गेलो तर मागच्या खेपेचे दोन्ही कॅन तिच्या घरात नव्हते. शेजारची सून गरोदर आहे, तिला दिले म्हणाली.

मी चिडलो. "वहिनी, ते तुमच्यासाठी आणलं होतं."

"माह्यं तर झालं आता," ती म्हणाली, आणि नवे कॅन घ्यायला शेजारच्या सुनेला हाक मारली.