जास्तीची कातडी

मार्किंग टिकतच नव्हतं. पापणीची जेवढी कातडी काढायची असते, तेवढ्या भागावर आम्ही आधी पेनने रेघ आखून घेतो. भुलीचं इंजेक्शन दिलं की पापणी फुगते आणि मग अंदाज चुकू शकतो, म्हणून. मी रेघ मारली की इंदूमावशींच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि शाई पसरायची. पुसून परत काढली. परत तेच.

"मावशी, घाबरलात का?"

"न्हाई म्याडम."

"मग रडताय कशाला?"

"रडत न्हाई मी. तुमी काढा रेघा."

मी डोळ्यांची सर्जन. माझं छोटं हॉस्पिटल शिरूरला आहे आणि आठवड्यातून एकदा मी दौंडला ओपीडी करते. इंदूमावशी मला तिथेच भेटल्या. नाव बदललं आहे. राहणार खुटबावच्या, वय साठीच्या आसपास. बरोबर त्यांचे मालक होते, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. घरचा ऊस आणि थोडी शेवंती.

तक्रार पापण्यांची होती. वय झालं की वरच्या पापणीची कातडी सैल होते आणि दुमडून खाली लोंबते. खालच्या पापणीमागची चरबी पुढे येते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसतात. माणूस कायम थकलेला, नाहीतर नुकताच रडून उठल्यासारखा वाटतो. कातडी फारच खाली आली तर नजरेच्या आड येते. मी तसं तपासून पाहिलं. मावशींना अडथळा होत नव्हता.

"मावशी, तुम्हाला व्यवस्थित दिसतंय. ऑपरेशन केलं तर ते फक्त दिसण्यासाठी होईल. कॉस्मेटिक म्हणतात त्याला. गरज काही नाही."

आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते.

"दिसन्यासाठीच करा," मावशी म्हणाल्या. "पर हितं नको, शिरूरला करा. दौंडात समदी वळखीची मान्सं भेटत्यात."

शहरात लोक यासाठी येतात. आमच्या भागात इतकं सरळ सांगणारी बाई मला पहिल्यांदाच भेटली. मला कौतुक वाटलं. शुगर, बीपी सगळं बघून तारीख दिली.

या ऑपरेशनला भूल फक्त पापणीपुरती देतात. पेशंट जागा असतो. मी सहसा पेशंटला बोलू देत नाही, चेहरा हलतो. पण उजवी बाजू संपवून डावीकडे वळले तेव्हा मावशी आपणहून बोलायला लागल्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत होता. ड्यूटी संपवून बाइकवरून घरी येताना ट्रेलरखाली गेला. मागे राहिली बायको आणि चार वर्षांची मुलगी.

"नात माझ्याकडं बघती आन् म्हनती, आज्जी रडू नको. मी रडत नसते वो म्याडम. भाकरी थापत असते, न्हाईतर फुलं निवडत असते. तरी म्हनती. मग तीच रडाया लागती. आता तर जवळबी येईना. माझं त्वांडच तसं झालंय, त्याला मी काय करू?"

सिस्टरने माझ्याकडे बघितलं.

"घरी काय सांगून आलात?" मी विचारलं.

"मोतीबिंदू."

"सुनेलासुद्धा?"

"तिला काय सांगू? तिचा नवरा जाऊन वरीस न्हाई झालं. आन् मी सांगू, पापन्या करून येते म्हनून?"

तोवर उजव्या पापणीला टाके घालून झाले होते. एका बाजूला ऑपरेशन करून दुसरी तशीच ठेवता येत नाही. मी डावी पूर्ण केली. कातडी किती काढायची यापेक्षा किती ठेवायची हे यात जास्त महत्त्वाचं. जास्त काढली तर डोळा मिटत नाही. मी दर वेळी चिमट्याने धरून, डोळा मिटतोय ना, हे बघत पुढे जाते. मग खालच्या पिशव्या काढल्या. काम चांगलं झालं, हे मला तेव्हाही दिसत होतं.

दोघं घरी निघाली तेव्हा आप्पांना बाजूला घेऊन समजावलं. "काही दिवस चेहरा वाईट दिसेल. काळानिळा होईल, सुजेल. घाबरू नका, उतरतं सगळं."

"बरं," आप्पा म्हणाले. "आन् पोरगी घाबरली तर?"

"गॉगल घालायला सांगा."

टाके काढायला दोघं आली. गॉगल काढून मी बघितलं. जखमा छान भरल्या होत्या. "फार सुंदर झालंय," मी म्हणाले. मग आप्पांनी सांगितलं, "सून गेली पाबळला, माहेरी. नातीला घिऊन."

झालं असं. मावशी तोंड धुवायला मोरीत गेल्या होत्या, गॉगल काढून. नात मागून आली. काळेनिळे डोळे आणि पापणीतून बाहेर आलेले दोऱ्याचे तुकडे बघून तिने जी किंकाळी फोडली, ती शेजारच्या वस्तीवर ऐकू गेली. सून धावत आली. तिच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यात पापणीला टाके नसतात हे तिला ठाऊक होतं. तिने विचारलं. मावशींना खोटं सुचलं नाही आणि खरं सांगता आलं नाही. "जास्तीची कातडी काढली," एवढंच म्हणाल्या. आवाज ऐकून शेजारच्या बायका आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. सुनेने त्याच दिवशी बॅग भरली.

"गावात काय म्हनत्यात ते सांगू का म्याडम?" आप्पा म्हणाले. "पोरगं गेलं आन् म्हातारी नटाया लागली."

मावशींना विचारून मी सुनेला फोन केला. ती एका पतसंस्थेत नोकरी करायची. आवाज शांत होता. मी सगळं सांगितलं. नातीसाठी केलं, दुसरं काही मनात नव्हतं, हेही सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलं, मॅडम?"

"लाज वाटली त्यांना."

मग तिने सांगितलं.

"भेटायला येणारे म्हणायचे, तुमच्या सासूबाईंकडं बघवत नाही. मी कामाला जायचे, हसून बोलायचे, लोकांना वाटायचं हिला काही झालंच नाही. आईंच्या तोंडाकडं बघून मला बरं वाटायचं, मॅडम. निदान कुणाच्या तरी तोंडावर ते दिसतंय. आता तेपण काढून टाकलं त्यांनी."

मी म्हणाले, "त्यांना दुःख नाही असं नाही ना पण."

"माहितीये मला," ती म्हणाली. "पण मला जमायचं नाही आता तिथं."

जखम कशी धुवायची, थेंब कधी घालायचे, एवढंच मला सांगता येतं.

संक्रांतीनंतर मावशी दौंडच्या ओपीडीत परत आल्या. सूज पूर्ण उतरली होती. टाक्यांची खूण पापणीच्या घडीत मिटून गेली होती. डोळे चाळिशीतल्या बाईचे वाटत होते. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांपैकी ते एक होतं.

"पाबळला जाऊन आले," त्या म्हणाल्या. "सुनंच्या आईनं चा दिला. पोरगी दाराआड हुबी. म्हनली, आज्जी, डोळ्यातलं दोरं काढलं का? काढलं म्हनलं, ये, बघ. पर ती काय भाईर येईना. निघूस्तवर आली न्हाई."

मी तपासणीचा टॉर्च बंद केला.

"म्याडम, पुन्यांदा व्हतं तसं करता येतं का?"

"नाही, मावशी. काढलेली कातडी परत बसवता येत नाही. आणि आता वयानं लोंबायची म्हटलं तरी बरीच वर्षं लागतील."

"बरीच म्हंजी?"

मी टॉर्च ड्रॉवरमध्ये ठेवला. त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि बाहेर आप्पांच्या शेजारी जाऊन बसल्या. सून अजून पाबळलाच आहे. मावशी त्यानंतर आल्या नाहीत, आणि मेडिकली त्यांना यायचं कारणही नाही.

आता कोणी पापण्यांसाठी आलं की मी पहिल्याच दिवशी विचारते, घरात कोणाकोणाला माहीत आहे? लपवायचं असेल तर तारीख देत नाही. याने फार काही साधतं असं नाही. नकार दिलेले पेशंट पुण्याला जाऊन करून येतात, आणि टाके काढायला माझ्याकडे येतात.