सरावातला जखमी

आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात आग विझवायला कामगारांचंच स्वयंसेवक पथक होतं. मी हौसेने नाव दिलं, तर साहेबांनी मला जखमीचं काम दिलं. म्हणजे दर सरावात धुराने बेशुद्ध पडलेला माणूस मी. का, तर मी काडीपैलवान, उचलायला सोपा. एवढ्या लांब काय मढं व्हायला आलो होतो? डोकं फिरायचं माझं.

भोंगा वाजला की मी गोदामात गोण्यांमागे डोळे मिटून पडायचो. मग रत्नागिरीकडचा एक वेल्डर यायचा. एरवी आमचं बोलणं जेवणाच्या रांगेपुरतं. तो माझ्या मानेखाली हात घालून म्हणायचा, “घाबरू नको रे, आम्ही आहोत ना.” मला खांद्यावर टाकून बाहेर आणायचा आणि सावलीत अलगद ठेवायचा. “खलास, ऊठ आता,” म्हणाला तरी मी थोडा वेळ डोळे उघडायचो नाही. त्या मुलखात एरवी मला कुणाचा हात लागत नव्हता.

तरी माझी कटकट चालूच. शेवटी कंपनीने माणसाएवढा, वाळू भरलेला बाहुला आणला आणि माझ्या हातात पाण्याचा पाइप आला.

पुढच्या सरावात वेल्डर तो बाहुला खांद्यावर घेऊन बाहेर आला. सावलीत ठेवताना त्याने सवयीने बाहुल्याच्या मानेखाली हात घातला आणि म्हणाला, “घाबरू नको रे, आम्ही आहोत ना.”

मी पाइप वळवला आणि सगळं पाणी त्या बाहुल्यावर सोडलं.